करडीचा कागद

मधमाश्यांना माणसांचं बोलणं कळत होतं, त्या काळची ही गोष्ट. डोंगरातल्या एका गावात मधपाळांचं मंडळ होतं. मंडळाच्या प्रमुख बायजाबाई ढेबे यांनी एका संध्याकाळी मधमाश्यांच्या एका पेटीचं झाकण काढलं, तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि त्यावर माश्यांची दुसरी, बिनतळाची पेटी ठेवली. मोडकळीला आलेल्या पेट्या जगवल्याबद्दल मंडळाचा सत्कार झाला होता, त्याचाच फोटो त्या कागदावर होता.

"वरच्यांची राणी मेलीय," त्या खालच्या माश्यांना म्हणाल्या. "पोरक्या झाल्यात. त्यांना तुमच्यात घ्या."

खालच्या पेटीवर पहारा करणारी करडी नावाची माशी हबकली. परक्या वासाची माशी आत शिरली की आपल्या राणीचा जीव धोक्यात, एवढंच तिला माहीत होतं. वरून गुणगुण ऐकू येत होती.

"त्या यायच्या आत आपणच त्यांना गाठू," असं म्हणून ती कागद कुरतडायला लागली.

कागद चिवट होता. दोन दिवस गेले. मग पलीकडूनही कुरतडल्याचा आवाज यायला लागला, तशी करडीनं खाणंपिणं सोडलं. तिसऱ्या दिवशी फोटोतल्या बायजाबाईंच्या कपाळाला भोक पडलं आणि त्यातून एक डोकं आत आलं.

करडीनं नांगी रोखली आणि वास घेतला. तीन दिवस कागदातून झिरपून दोन्हीकडचे वास एक झाले होते. समोरचीच्या अंगाला करडीच्याच घराचा वास येत होता.

"तुला मारायलाच कुरतडत होते मी," समोरची म्हणाली.

"मीही," करडी म्हणाली. "भोक लहान आहे. तुझ्या बाजूनं अजून थोडं कुरतड."