पेढा आणि पाच तारे

एका बाजारगावात शेवड्यांचे कोड्यांचे दुकान होते, आणि त्या दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचे मत विचारण्याआधी त्याच्या हातावर पेढा ठेवायचा. आधी पेढा, मग मत. असे का, हे विचारायचे नाही.

घरातल्या ऋजुताने लहानपणी एकदा ते विचारले होते. पेढा नंतर दिला तर काय होईल, एवढेच. आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, तिच्याच तोंडात एक पेढा घातला. तोंड भरल्यामुळे पुढचा प्रश्न राहून गेला.

तात्या अंकांची कोडी रचत. नऊ आडव्या आणि नऊ उभ्या ओळींचा चौकोन, त्याचे नऊ छोटे भाग. काही घरांत अंक आधीच छापलेले, बाकीची रिकामी. एक ते नऊ अंक असे भरायचे, की कुठल्याही ओळीत किंवा भागात एकच अंक दोनदा येऊ नये. कोडे सुटले की माणूस कागद घेऊन दुकानात येई. तात्या एकेका ओळीवरून बोट फिरवत आणि शेवटी म्हणत, "बरोबर." गावाला त्या एका शब्दाचे मोठे अप्रूप होते.

तात्यांच्या काही कोड्यांना दोन उत्तरे निघत. हे खुद्द तात्यांनाही ठाऊक नव्हते. कळायला काही कारणच नव्हते, कारण स्वतःच्या उत्तराशी ते कधी ताडून पाहत नसत. समोरच्याच्या ओळी तपासत. ओळी जुळल्या की बरोबर.

पुढे तात्यांच्या मुलाने, अण्णांनी, ही कोडी कॉम्प्युटरवर आणली. शहरातल्या एका माणसाकडून खेळ करून घेतला आणि प्रत्येक कोड्यासोबत तात्यांचे उत्तर त्यात भरले. आता ओळी कुणी तपासत नव्हते. खेळ फक्त त्या उत्तराशी मिळवून पाहत होता, आणि वेगळे काही दिसले की लाल अक्षरांत "चूक" म्हणून ते उत्तर दाखवत होता.

नियम मात्र तिथेही पाळला गेला. पेढा पडद्यातून देता येत नाही, म्हणून मत विचारण्याआधी खेळणाऱ्याला पुढची कोडी फुकट उघडून मिळत. त्यानंतर पाच तारे समोर येत. फुकट घेऊन वर दोनच तारे देणे कुणाला बरे वाटेना. बहुतेक सगळे पाच देत. अण्णा तारे पाहून खूश होत. ताऱ्यांखाली लोक काय लिहितात, हे घरात कुणीच वाचत नव्हते.

ऋजुता कॉलेज संपवून घरी आली, तेव्हा अण्णाकाकांनी तिला काम दिले. दुकानाबाहेर मोठा फलक लावायचा होता. गिऱ्हाइकांच्या मतांमधून चांगली चांगली वाक्ये निवडून दे, म्हणाले.

तिने वाचायला घेतले. स्तुती वाचून कंटाळा येईल असे तिला वाटले होते. "खेळ छान आहे. आम्हीच ढ." "फार सुंदर. बाबांना पूर्वी कागदावर सगळी सुटायची, आता वय झालं." "उत्तम. शेवटी चूक दाखवतो, पण ती माझीच असणार." प्रत्येकाच्या डोक्यावर पाच तारे होते.

त्यातच प्रमिलाबाई गायधनींचे मत होते. "खेळ उत्तम आहे. माझं डोकं आता चालत नाही हे कळलं. आभारी आहे."

प्रमिलाबाई गावात ब्लाउज शिवत. ऋजुताचा शाळेचा गणवेशही त्यांनीच शिवलेला. मध्यंतरी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. त्यातून त्या उठल्या, हातही पूर्वीसारखा चालू लागला, पण डोके पूर्वीसारखे राहिले आहे का, ही धास्ती काही गेली नाही. कापड बेतताना चुकले तर दुसऱ्याचे कापड वाया जाते. म्हणून रोज सकाळी एक कोडे सोडवायचे, आणि ते सुटले तरच कात्री हातात घ्यायची, असे बंधन त्यांनी स्वतःला घालून घेतले होते.

ऋजुता त्यांच्याकडे गेली. शिलाई मशीनवर चादर टाकली होती. कात्री वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मशीन विकायचे ठरले होते आणि रविवारी त्यांचा भाऊ त्यांना कायमचे आपल्याकडे न्यायला येणार होता. तिथे जाऊन काय करणार, असे ऋजुताने विचारले.

"शेंगा सोलेन," प्रमिलाबाई म्हणाल्या. "त्यात चुकलं तरी कुणाचं काही जात नाही."

ऋजुताने त्यांचे शेवटचे कोडे मागितले. प्रमिलाबाई कोडे आधी कागदावर उतरवून घेऊन मगच सोडवत. तिने तात्यांसारखे एकेका ओळीवरून बोट फिरवले. कुठेही अंक दोनदा आलेला नव्हता. खेळाने दाखवलेल्या उत्तराशी ताडले, तर फरक फक्त चार घरांत होता. दोन अंकांनी आपसांत जागा बदलल्या होत्या, आणि तसेही सगळे जुळत होते.

"मावशी, तुमचं बरोबर आहे. खेळ चुकलाय."

प्रमिलाबाई हसल्या. "एवढ्या लोकांनी पाच-पाच तारे दिलेत, बाळ. खेळ चुकत असता तर एक तरी बोललं असतं की."

"तुम्ही बोललात?"

"मी कशी बोलणार? चुकत होते मी."

"ते सगळे हेच म्हणतायत, मावशी."

तरी त्यांना पटेना. कालची पोर आपल्याला बरे वाटावे म्हणून बोलते आहे, असाच त्यांचा समज झाला. तात्यांनी म्हटले असते तर गोष्ट वेगळी, एवढे बोलून त्या चादरीची घडी नीट करू लागल्या.

ऋजुता कागद घेऊन तडक दुकानात आली. गल्ल्यामागे तात्या आणि अण्णा बसले होते. तिने सगळे सांगितले. अण्णांनी शांतपणे विचारले, की कुणाची तक्रार आली आहे का. नव्हती. मग तू कुणाची वकील, असे त्यांनी विचारले. इतक्या वर्षांचे नाव आहे, ते चव्हाट्यावर आणायचे नसते. तशी कोडी असतील तर गुपचूप काढून टाकू, म्हणाले. तात्यांनी मान डोलावली.

"गुपचूप काढलीत, तर चूक त्यांची नव्हती हे त्या लोकांना कसं कळणार?"

अण्णांनी मतांची यादी मागितली आणि प्रमिलाबाईंच्या ओळीवर बोट ठेवले. "हे घे की. 'खेळ उत्तम आहे', प्रमिला गायधनी. गावात सगळे ओळखतात त्यांना."

"पुढचं वाचलंत का?"

"वाचलं. फलकावर तेवढी जागा नाही."

ऋजुताने प्रमिलाबाईंचा कागद तात्यांपुढे सरकवला. "तात्या, गिऱ्हाइकाचा कागद आहे. तपासा."

तात्यांनी चष्मा लावला. हाताला सवय होती. बोट पहिल्या ओळीवरून निघाले, सगळ्या आडव्या ओळी फिरले, मग उभ्या, मग छोटे भाग. शेवटच्या घराशी ते थांबले आणि तात्यांच्या तोंडून सवयीनेच शब्द गेला, "बरोबर."

मग त्यांनी शेजारी ऋजुताने खेळातून उतरवून आणलेले आपले उत्तर पाहिले. बोट परत मागे आले आणि त्या चार घरांवर थांबले.

अण्णांनी पेढ्यांचा डबा उघडून ऋजुतापुढे केला. "घे. तोंड गोड कर, मग निवांत बोलू."

ऋजुताने डब्याचे झाकण लावले आणि डबा परत त्यांच्याकडे सारला.

"पेढा नको. मी वाक्यं निवडणार नाही आणि फलकही लावणार नाही. तात्या आत्ता जे म्हणाले, ते त्यांनी रविवारच्या आत मावशींच्या दारात जाऊन म्हणायचं. आणि खेळ उघडल्यावर सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, की चूक आमची होती. ते झालं की पेढा खाईन."

अण्णांनी तात्यांकडे पाहिले. तात्या कागदाकडे पाहत होते.

तात्पर्य: गोड करून मिळवलेली स्तुती विकणाऱ्याला आंधळे करते, आणि ती वाचून बरोबर असलेला माणूससुद्धा स्वतःलाच चुकीचा समजू लागतो. म्हणून मत आधी ऐकावे, आणि शेवटपर्यंत ऐकावे.