कातरीनच्या विहिरीचं पाणी

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका गावात कातरीन नावाची बाई राहायची. नवरा देवाघरी गेलेला. मागे उरलं काय, तर इजू नावाची चिमुरडी लेक, केळीची वाडी, वाडीतली विहीर आणि विहिरीवरचा रहाट ओढणारा भिंगऱ्या बैल. डोळ्यांना झापडं लावून भिंगऱ्या गोल गोल फिरायचा. मग गाडगी भरून वर यायची आणि केळींना पाणी मिळायचं. एवढ्यावर मायलेकींचं पोट.

त्या गावाची एक रीत होती, बरं का. शनिवारी संध्याकाळी बैलाच्या मानेवरचं जू उतरवायचं आणि विहिरीकाठच्या क्रूसाला टेकवून ठेवायचं. रविवारी रहाट बंद. माणसांनी देवळात मिस्साच्या प्रार्थनेला जायचं, बैलानं सावलीत बसायचं आणि विहिरीनंही विसावा घ्यायचा. समुद्राकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर असतं, दुधावरच्या सायीसारखं. बेतानं काढलं तर पुरतं. ओरबाडलं की खालचं खारं वर येतं.

एका वर्षी पाऊस कमी झाला. कातरीनच्या मनात भीतीनं घर केलं. उद्या पाणी आटलं तर? परवा आटलं तर? मग तिनं एक मोठा हौद बांधला आणि रोज दुप्पट पाणी उपसायला लागली. हौद काही भरेना. मग रविवार आला. देवळाची घंटा वाजत होती, लोक धुतलेले कपडे घालून निघाले होते, आणि ही बाई क्रूसाला टेकलेलं जू उचलून बैलाच्या मानेवर चढवत होती.

भिंगऱ्यानं फतकल मारली. तिनं चाबूक हाणला. तो हलेना. पुन्हा हाणला. तिसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा बैल बोलला. हो, बोलला. हसताय काय?

"बाई, मला झापडांतून काही दिसत नाही. तरी रोज चालतो, कारण दोरी तुझ्या हातात असते. तुझी दोरी कुणाच्या हातात आहे, ते विसरलीस होय?"

कातरीन म्हणाली, "त्यानंच माझा नवरा नेला. ऊठ."

भिंगऱ्या उठला. रहाट फिरला. हौद काठोकाठ भरला. तिनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. पाणी खारट झालं होतं.

मग केळी पिवळ्या पडल्या आणि एकेक करून आडव्या झाल्या. कातरीननं विहीर आणखी खोल खणली. पाणी आणखी खारं. मग फादर आले, त्यांनी विहिरीला आशीर्वाद दिला. पाणी खारंच. मग शेजाऱ्यांनी घागरी दिल्या, पण त्यांच्याही विहिरी तळाला गेलेल्या. ते तरी किती देणार? मग कातरीननं प्रार्थना सोडली. तिन्हीसांजेला इजू एकटीच गुडघे टेकायची आणि आई भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला वाटायचं, देवानं पाठ फिरवली, आता आपण तरी कशाला तोंड दाखवावं? फार वाईट दिवस होते ते. सांगतानासुद्धा मला जड जातं.

एका सकाळी इजू धावत आली. क्रूसाच्या पायथ्याशी एक दगडी कुंडी होती. तिच्यात पाणी होतं, तांब्याभर. गोडं पाणी.

मायलेकी अर्धं प्याल्या. अर्धं कातरीननं हंड्यात झाकून ठेवलं, उद्यासाठी. उजाडलं तर कुंडीत पुन्हा तांब्याभर, आणि हंड्यातलं पार खारट. दुसऱ्या दिवशी तिनं उरलेलं पाणी पेटीत ठेवून कुलूप लावलं. तेही खारट.

तिसऱ्या दिवशी अर्धा तांब्या हातात घेऊन ती वाडीत उभी राहिली. भिंगऱ्याची जीभ कोरडी पडली होती. मेलेल्या केळींमध्ये बुडाशी फुटलेलं एकच पिल्लू अजून हिरवं होतं. हे देऊन टाकलं आणि उद्या कुंडी कोरडी निघाली, तर इजू तहानेनं जाईल. ती क्रूसाकडे बघून म्हणाली, "मला तुझ्यावर भरवसा ठेवता येत नाही. तरी ठेवते. दुसरं काही उरलंच नाही माझ्याकडे."

तिनं भिंगऱ्याला पाजलं. तळाशी राहिलेलं केळीच्या पिल्लाला घातलं. मग रिकामा तांब्या पोटाशी धरून दिवसभर रडली.

दुसऱ्या सकाळी ती डोळे मिटूनच विहिरीवर गेली. बघायचा धीर होईना. तिनं हातानं कुंडी चाचपली.

हात ओला झाला.

पुढं वर्षभर रोज तांब्याभर पाणी यायचं. थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. रहाट बंद होता, विहीर निवांत होती, आणि हळूहळू तिचं पाणी गोडं झालं. त्या एका पिल्लाला पिल्लं फुटली आणि वाडी पुन्हा हिरवी झाली. नवरा काही परत आला नाही. ते दुःख राहिलंच. पण तिन्हीसांजेला आता दोघी गुडघे टेकायच्या, आणि रविवारी जू क्रूसाला टेकलेलं असायचं. भिंगऱ्या पुन्हा कधी बोलला नाही. सगळी सुखानं राहिली.

चला, मिटा डोळे. आणि कोण रे तो, उशाशी दोन-दोन तांबे भरून ठेवतोय? एक पुरतो.