साडेदहा तास

"पाचची घंटा वेळेवर वाजली, तर आज दीक्षा द्याल ना, बुवा?"

"वाजू दे आधी," रावजीबुवा म्हणाले.

हेरंबचं डोकं सणकलं. शिकागोतली इंजिनिअरची नोकरी, संसार, सगळं सोडून तो या टेकडीवरच्या मठात आला होता. मठाची घंटा त्यानंच मोठ्या ऐटीत आपल्या लॅपटॉपला जोडून दिली होती. आणि त्या शहाण्या यंत्रानं कालची संध्याकाळची घंटा आज पहाटे साडेतीनला बडवली! अख्खा मठ डोळे चोळत आरतीला उभा. वर चेष्टा झाली ती वेगळीच.

आज दुपारपासून त्यानं चार वेळा लॅपटॉपचं घड्याळ लावलं. चारही वेळा ते हट्टानं मागे गेलं. आता पाचला दहाच मिनिटं उरली होती.

"आतला सेल बदलला, बुवा. तरी मागे पडतंय."

"किती?"

"साडेदहा तास."

"दर खेपेला तेवढंच?"

"तेवढंच. मिनिटाचा फरक नाही."

"मग चुकतंय कुठं ते?"

हेरंबला असा राग आला! इथे जीव टांगणीला लागलाय, आणि यांना कोडी सुचतायत. तो काहीतरी बोलणार, तोच थबकला... घाईघाईनं त्यानं सेटिंग उघडलं.

हात्तिच्या! गाव अजून शिकागोच होतं. इंटरनेट लागलं रे लागलं, की घड्याळ इमानानं तिथली वेळ दाखवत होतं.

त्यानं गाव बदललं. पडद्यावर चार अठ्ठावन्न झाले.

दोघंही पडद्यावरचे आकडे बदलताना बघत राहिले...

ठण्ण! पाचच्या ठोक्याला घंटा वाजली.

हेरंबला रडूच फुटलं. तो बुवांपुढे गुडघ्यांवर बसला, मान खाली घातली. "आता घाला माळ."

बुवांनी खुंटीवरची माळ काढली. त्याच्या गळ्यापाशी नेली आणि हात तिथंच थांबवला.

"तिकडं आत्ता किती वाजले असतील रे?"

"सकाळचे साडेसहा," हेरंब पटकन म्हणाला. "माझ्या लेकीचा गजर झाला असेल. पण ती गजरानं कसली उठतेय! तिला हाकच मारावी लागते..."



बुवांनी माळ परत खुंटीला अडकवली.

"मग मार की हाक."