खाऊ नये

त्या राज्यात ज्याचा तळ जितका स्वच्छ, तितका त्याचा मान मोठा होता. राज्याला सात फळ्या होत्या आणि एक दार. सर्वांत खालच्या फळीवर रोज बाहेर जाणारे राहत, त्यांच्या वर आठवड्यातून एकदा जाणारे, त्यांच्या वर सणासमारंभाचे. असे चढत चढत गेले की सातव्या फळीवर बुटांचा एकच जोड होता. जमीन म्हणजे काय, हे त्याला फक्त ऐकून माहीत होते.

हा जोड पांढराशुभ्र होता. त्याच्या घराण्यातल्या एका जोडाने कधीकाळी जगातली सर्वांत वेगवान शर्यत जिंकली होती, असा इतिहास होता. त्या शर्यतीत पायही होते, पण इतिहासकारांनी त्यांचा उल्लेख तळटीपेत केला होता. विजयानंतर घराण्याचे चित्र सगळीकडे लागले : दाराच्या आतल्या बाजूला, सदऱ्यांवर, चहाच्या कपांवर, शाळेच्या डब्यांवर. खालच्या फळीवरचे कॅनव्हासचे बूट आपल्या अंगावर त्या घराण्याची तिरकी रेघ खडूने ओढून घेत. त्या घराण्यात नाडी वरून ओवतात की खालून, यावरून तिसऱ्या आणि चौथ्या फळीत वाद इतका विकोपाला गेला होता की त्यांच्यात सोयरीक होत नसे.

जोडातला उजवा आधी घडला की डावा, हे नक्की सांगता येत नाही. पण ते राहत त्या खोक्यातून आधी उजव्याचे दर्शन होई, म्हणून तो थोरला ठरला आणि डावा त्याला दादा म्हणू लागला. डाव्याच्या टोकाशी, जिथे अंगठा यायला हवा तिथे, राज्याचा पंडित राहत असे.

पंडित म्हणजे एक चपटी पांढरी पुडी. तिच्या पोटात मण्यांसारखे बारीक दाणे होते, ते पातळ कागदातून बाहेरूनही दिसत, आणि हवेतली ओल शोषून घेणे एवढेच तिचे काम होते. पण राज्यातल्या इतर सर्वांच्या अंगावर मापाचा एक आकडा सोडला तर काहीच लिहिलेले नव्हते, आणि पंडिताच्या अंगावर चक्क दोन शब्द होते : ‘खाऊ नये’. तेवढ्यावर तो पंडित झाला आणि ते दोन शब्द कायदा झाले.

काय खाऊ नये, हे मात्र लिहिलेले नव्हते. फुटबॉलच्या बुटांचे म्हणणे होते, ‘मार खाऊ नये’. सकाळी फिरायला जाणाऱ्यांवर ज्यांचा राग होता ते म्हणत, ‘हवा खाऊ नये’. अखेर वरच्या फळ्यांची सभा भरली आणि ‘धूळ खाऊ नये’ असा अर्थ कायम झाला. धूळ जमिनीवर असते, म्हणून जमिनीपासून जो दूर तो श्रेष्ठ, हे मग ओघानेच आले.

अधूनमधून एखादा पाय वर येत असे. त्याला घालवून देण्याची वरच्या घराण्यांची जुनी रीत होती : टाचेशी चावायचे. पाय ‘स्स’ करून मागे जाई. नवे बूट चावतातच, अशी पायांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती, आणि बूट अकरा वर्षे नवेच राहिले.

या अकरा वर्षांत पंडिताला एक गोष्ट कळली होती. तो कामाला लागला तेव्हा त्याचे दाणे निळे होते. आता ते गुलाबी पडले होते. याचा अर्थ तो काठोकाठ भरला होता आणि आता ओल शोषणे त्याच्याने होत नव्हते. न शोषलेली ओल कुठेतरी जाणारच. खोक्यातल्या पातळ कागदावर त्याला पिवळसर भुगा दिसू लागला होता, खारी मोडल्यावर पडतो तसा. तो जोडाच्या तळांतून येत होता.

असा भुगा त्याने एकदा पाहिला होता. सातव्या फळीवर पूर्वी एक आजोबा होते. त्यांच्या सत्काराच्या दिवशी हाताने त्यांना अलगद उचलले, तर वरचे कातडे तेवढे वर आले आणि तळ खोक्यातच राहिला. आजोबांना मुक्ती मिळाली असे सभेने जाहीर केले आणि सातही फळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंडित तेव्हा काही बोलला नव्हता. आपले निरीक्षण चुकले असेल, आपण वाचले ते अपुरे असेल, एवढी सगळी मंडळी टाळ्या वाजवताहेत त्या अर्थी काहीतरी असेलच, असे त्याने स्वतःला समजावले होते. ते समजावणे त्याला अजून पटलेले नव्हते.

एकदा साफसफाईत खोके तिरके झाले आणि पंडित घरंगळत थेट सर्वांत खालच्या फळीवर येऊन पडला.

“अगंबाई, पंडितजी! पडलात की उतरलात?” हवाई चपलांच्या जोडातली एक म्हणाली. तिला सगळे हवाईमावशी म्हणत. तिचा पट्टा सेफ्टी पिनेने जोडलेला होता आणि ती हसली की पिन वाजे.

“पडलो,” पंडित म्हणाला.

“बरं झालं. कधीचं विचारायचं होतं. खाऊ नये, खाऊ नये म्हणता, पण ते नक्की काय?”

“वाक्यात कर्म दिलेलं नाही, मावशी.”

“कर्मच नाही?” पिन वाजली. “म्हणजे तुमच्या वरच्या लोकांसारखंच की!”

“सभेने धूळ असा अर्थ लावला आहे,” पंडित चाचरत म्हणाला.

“धूळ? मग पहिलं वर जाऊन सांगा. अकरा वर्षं धूळ खात कोण पडलंय? मी तर रोज उडवते. मला विचाराल तर ते ‘भाव खाऊ नये’ असणार.” मग ती जरा वाकली. “तुम्ही असे गुलाबी का दिसताय? बरं नाही का?”

अकरा वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याने सगळे सांगून टाकले : दाण्यांचा रंग, भुगा, आजोबा, टाळ्या. वरच्या दोघांचे तळ फार दिवस टिकणार नाहीत, आणि धावायचे असेल तर ते आताच, हेही सांगितले.

“मग मला काय सांगत बसलाय? ज्यांचे तळ आहेत त्यांना सांगा.”

“माझं चुकत असेल तर?”

“तर त्यांचे तळ मळतील. मळलेला तळ धुता येतो हो, मी न्हाणीघरातच असते. आणि चुकत नसेल तर?”

थोड्या वेळाने हाताने त्याला उचलले, ‘ही इथली’ असे काहीसे पुटपुटत पुन्हा वर नेले आणि डाव्याच्या टोकाशी सारून दिले.

तरी तो तीन दिवस गप्प राहिला. चौथ्या दिवशी कागदावरचा भुगा वाढलेला दिसला आणि तो बोलला.

“तुम्हाला खालची हवा लागली, पंडित,” उजवा म्हणाला. “आमच्या घराण्याचं चित्र कपांवर आहे. आम्ही त्या न्हाणीघरातल्या बाईच्या शेजारी जाऊन बसायचं?”

पंडिताने कागदाकडे पाहिले. उजव्यानेही पाहिले, आणि मग नजर फिरवली.

“दादा,” डावा हळूच म्हणाला, “माझ्या तळाला सुरुवातीपासून गुदगुल्या होतात. तुला सांगितलं नाही. आपल्या तळावर नक्षी आहे ना, ती आपल्याला दिसत नाही, दुसऱ्या कोणालाही दिसत नाही. मग काढली कोणासाठी?”

“मी घराण्याचा विचार करतोय. निदान विजेत्याचा पाय तरी यावा.”

“तो अकरा वर्षांत आला नाही. जो येतो त्याला आपण चावतो.”

पुढचा पाय आला तो विजेत्याचा नव्हता. त्याचा अंगठा वाकडा होता, टाचेला भेगा होत्या आणि त्याला आत शिरायचा संकोच वाटत होता. डाव्याने अंग सैल सोडले. उजवा चावला. पाय ‘स्स’ करून थबकला. साती फळ्या कान देऊन होत्या. पाय मागे सरकू लागला, आणि तेवढ्यात उजव्याने आयुष्यात पहिल्यांदा आपली टाच ढिली केली.

“सवय रे,” तो डाव्याला एवढेच म्हणाला.

या गडबडीत पंडिताला बाहेर पडायला सवड मिळाली नाही. तो वाकड्या अंगठ्याखाली दाबला गेला आणि नाड्या आवळल्या गेल्या.

मैदान लाल मातीचे होते. त्या दोघांनी जमिनीविषयी जे ऐकले होते त्यात ती कठीण, घाण आणि लागट होती. प्रत्यक्षात ती खालून हात दिल्यासारखी प्रत्येक पाऊल परत वर देत होती. पहिली फेरी त्यांनी मोजून काढली. दुसऱ्या फेरीत डावा आधी पडतो की उजवा, याचाच त्यांना विसर पडला. मागे वळून पाहिले तर ओळीने नक्षी उमटत आली होती; ती इतकी नाजूक आहे, हे त्यांना माहीत नव्हते. पायाला घाम आला होता, धाप लागली होती, आणि तरीही तो थांबत नव्हता. इतकी वर्षे आपण ज्याला चावत आलो, तो आपल्याला घेऊन धावतो आहे, हे उजव्याच्या मनात आले आणि तो वरमला.

तिसऱ्या फेरीत त्याच्या टाचेखालून पहिला तुकडा निसटला.

“दादा, दुखतंय का?”

“नाही रे. हलकं वाटतंय.”

“थांबायचं?”

“पाय थांबेल तेव्हा.”

अर्ध्या फेरीवर पाय थांबला. लाल मातीत पांढरे तुकडे लांबवर पसरले होते. आता आपल्याला टाकून देतील, हे दोघांनी मनोमन मान्य केले, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण हातांनी त्यांच्या नाड्या एकमेकींत बांधून त्यांना खांद्यावर घेतले, आणि पाय अनवाणी चालू लागला. ती भेगाळलेली टाच त्याच मातीवर पडताना ते वरून पाहत राहिले. रस्त्याकडेच्या चांभाराने त्यांना उलटेसुलटे करून पाहिले, “वरचं चांगलं आहे की अजून” असे म्हटले, जुन्या टायरचे जाड काळे तळ कापून शिवले आणि चिकटवलेले वाळावे म्हणून एक अख्खा दिवस उन्हात ठेवले.

इकडे राज्यात सभेने त्या जोडाला मुक्ती मिळाल्याचे जाहीर करून टाकले होते. सातव्या फळीवरच्या रिकाम्या खोक्याचा तळ अगदी स्वच्छ होता, त्यामुळे कायद्यानुसार सगळा मान आता त्याच्याकडे गेला. टाळ्या झाल्या.

त्या विरायच्या आतच दार उघडले आणि हाताने जोड सर्वांत खालच्या फळीवर ठेवला.

“या, या! सरका रे, त्यांना जागा द्या,” हवाईमावशी म्हणाली. “किती फेऱ्या?”

“अडीच,” उजवा म्हणाला, आणि कॅनव्हासच्या बुटांकडे वळून पुढे म्हणाला, “ती रेघ खडूची आहे ना? माझीही आता झिजून जाईल. तुमची राहू दे.”

“अडीच कुठे, तीनच धरा. आणि आम्हाला काय आणलंत?” बाहेरून आलेल्याला घरात राहिलेले विचारतात तसेच तिने विचारले.

डावा ओशाळून जरा पुढे झुकला. त्याच्या टोकाशी साठलेली चिमूटभर लाल माती फळीवर सांडली आणि तिच्यावर पंडित अलगद येऊन पडला. दिवसभराच्या उन्हाने त्याचे दाणे पुन्हा निळे झाले होते. अंगठ्याखाली घासून आणि घामाने भिजून त्याच्या अंगावरचा दुसरा शब्द पार पुसला गेला होता.

खालच्या फळीवरच्यांना वाचायची फारशी सवय नव्हती. सगळे त्याच्याभोवती जमले, आणि हवाईमावशीने एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचले : “खा... ऊ.”