वाळल्या गवताचा रंग

फार पूर्वी एका उघड्या माळावर तुरतुरी नावाची सशीण राहत होती. तिचा रंग फिकट बदामी, अगदी वाळल्या गवतासारखा होता. तिला तो मुळीच आवडत नसे. "ना धड पांढरा, ना धड तपकिरी! हा काय रंग झाला?" असं पुटपुटत ती दिवसभर माळभर धावायची. एका जागी बसणं तिला जमतच नसे.

त्या उन्हाळ्यात तिला दोन पिल्लं झाली. एके दुपारी ती वाळल्या गवतात लपवलेल्या पिल्लांकडे परतत होती. हातभर अंतर उरलं असताना गरुडाची सावली माळावर फिरू लागली. तुरतुरी पळाली असती, तर पिल्लंही मागोमाग धावली असती. ती जागच्या जागी दबून बसली.

गरुड समोरच्या दगडावर उतरला. "इथे काहीतरी हललं होतं," तो म्हणाला. "कोण आहेस? पळ की! दहा उड्या मारू देतो, मगच मागे येतो."

तुरतुरीचे पाय शिवशिवू लागले. नाकावर मुंगी चढली, तरी तिने मिशीसुद्धा हलवली नाही. गरुडाची नजर तिच्यावरून दोनदा गेली. त्याला नुसतं गवत दिसलं. शेवटी कंटाळून तो उडून गेला.

"आई, तू मघाशी दिसेनाशी झालीस. कुठे गेली होतीस?" पिल्लाने विचारलं.

तुरतुरीने नाकावरची मुंगी झटकली. "कुठेच नाही रे," ती म्हणाली. "आज मी कुठेच गेले नाही."