उदगीरच्या शेडचा हिशोब

“मग तिन्हींत सगळ्यात भारी कोणतं, चाचा?”

शैलजा पांचाळनं लॅपटॉप गफूरचाचांपुढे सरकवला.

चाचा लातूरच्या आडत बाजारात चाळीस वर्षं मुनीम होते. शैलजाला जमाखर्च त्यांनीच शिकवला. आता ती लोखंडी शेड उभारायची कामं घ्यायची. हाताखाली अकरा माणसं होती. गेल्या दिवाळीला फर्मची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली, तेव्हापासून तिच्या कार्डावर ‘डायरेक्टर’ छापलेलं असे, आणि ते कार्ड ती चाचांनाही देऊन गेली होती.

चाचा मेथी निवडत होते. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं नाही.

“हे पहिलं हिशोबाचं सॉफ्टवेअर चाळीस हजारांचं,” शैलजा सांगू लागली. “मोठमोठे बिल्डर वापरतात. दुसरं मोबाइलवर चालतं, दिसायला एकदम झकास. तिसरं आपलं साधंच. कंपनी आहे म्हटल्यावर हिशोबात केलेल्या दुरुस्तीची नोंद राहायलाच पाहिजे, असं सीए म्हणाले. ती सोय तिन्हींत आहे. मला पहिलं पसंत आहे. आज पैसे भरले तर सूटही देतायत.”

“त्याला काय विचारणार तू?”

“कुणाला?”

“त्या चाळीस हजारवाल्याला.”

“काहीही विचारा की! दोनशे तऱ्हेचे रिपोर्ट देतंय.”

“दोनशे नको. एक सांग.”

शैलजा हसली. मग विचारात पडली.

“सोमवारी उदगीरला बिरादारशेठना भाव द्यायचाय,” ती म्हणाली. “त्यांच्या तेलाच्या मिलची दुसरी शेड. पहिली आपणच केली, चाचा. एवढं मोठं काम आपण आधी कधी केलं नव्हतं. जुन्याच भावात देईन म्हणते, पण काम सोडायचं नाही.”

“पहिलीत किती सुटले?”

“चांगले सुटले.”

“किती?”

शैलजा बोटांवर आकडे मोजू लागली आणि मध्येच सोडून दिले.

“तेवढंच विचार,” चाचा म्हणाले. “तिघांनाही.”

तिन्ही सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून बघता येत होती. शनिवारी सकाळी शैलजा उदगीरच्या बिलांची फाईल घेऊन चाचांच्या ओसरीवर येऊन बसली.

चाळीस हजारवाल्यात ती दुपारपर्यंत चाचपडत राहिली. शेवटी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, आधी पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घ्यावं लागेल.”

मोबाइलवाल्यात बिलं भराभर चढली. रंगीत गोल चित्रही आलं. पण त्यात औसा, निलंगा, उदगीर, सगळी कामं एकात एक मिसळलेली. वेगळी काढायची सोयच नव्हती.

तिसरं साधं होतं आणि हट्टी होतं. प्रत्येक खर्चाला ते विचारी, कोणत्या कामाचा? सांगितल्याशिवाय पुढे सरकू देईना.

वेल्डिंग रॉड, उदगीर. पत्रे, उदगीर. क्रेन, उदगीर. पुन्हा क्रेन, उदगीर.

मग एक बिल हातात आलं आणि ती थांबली.

“काय झालं?”

“फ्रीजचं आहे... घरच्या.”

चाचांनी ते बिल तिच्या हातातून घेतलं, घडी घातली आणि तिच्या पर्समध्ये ठेवून दिलं.

रविवारी दुपारी शेवटचं बिल चढलं. शैलजानं बटण दाबलं.

तिनं पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

“चाचा... एक लाख चौदा हजार.”

“नफा?”

तिनं मान हलवली. “तोटा.”

आतून चाची चहा घेऊन आल्या. तो तसाच निवत राहिला.

“वर्षभर मी ती शेड लोकांना दाखवत फिरले,” शैलजा म्हणाली.

“शेड चांगलीच आहे,” चाचा म्हणाले. “भाव काय देणार?”

तिनं डोळे पुसले आणि लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला.

सोमवारी संध्याकाळी ती परत आली ती पेढ्यांचा पुडा घेऊनच. चप्पल काढायच्या आधीच बोलू लागली.

“पावणेतीन लाख वाढवून भाव दिला, चाचा! बिरादारशेठ म्हणाले, बाई, गेल्या खेपेला तर एवढा नव्हता. मी म्हटलं, गेल्या खेपेला मी घरचे घालून तुमची शेड बांधली. हा बघा हिशोब.”

“मग?”

“त्यांनी एकेक ओळ वाचली. क्रेन दोनदा का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुमच्या गवंड्यानं शेडच्या पायातले बोल्ट चार दिवस उशिरा बसवले, पहिल्या दिवशी क्रेन नुसती उभी राहून परत गेली. या खेपेला तसं झालं तर दुसरी क्रेन तुमच्या खर्चानं. भावपत्रात लिहिलंय.”

“मग?”

“म्हणाले, जुन्या भावात करा, नाहीतर दुसरे तीन जण बसलेत. मी लॅपटॉप मिटला. उठले. नमस्कार केला. दारापर्यंत गेले, चाचा!”

ती चप्पल काढून ओसरीवर टेकली.

“...आणि मागून आवाज आला. ‘अहो बाई, बसा. जिला स्वतःचा खर्च एवढा नेमका माहीत आहे, ती माझं काम अर्ध्यावर टाकून पळणार नाही.’ तिथंच सही केली! ॲडव्हान्सचा चेकसुद्धा दिला, कंपनीच्या नावानं!”

चाची दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी शैलजाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. शैलजा लहान मुलीसारखी हसत होती.

तिनं पुडा सोडून चाचांपुढे धरला.

“तिसरंच घेतलं, चाचा. आज पैसेही भरले.”

चाचांनी मान डोलावली आणि एक पेढा उचलला.

शैलजानं पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला.

“पण चाचा... शेठनी हाक मारलीच नसती तर? काम गेलं असतं तर?”

चाचांनी पेढा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला.

“तर तोटा वाचला म्हणून पेढे मी आणले असते.”