पाच मिनिटं तोंड मिटा!

“बापू, आमच्या ओढ्यावरचा पूल कवा हुनार?”

दौलूआप्पा विधानसभेत चौथ्यांदा उठून इचारत हुता, आन् चौथ्यांदा कुणाला ऐकूच गेलं न्हाई! हिकडनं सत्तेवालं वरडत्यात, तिकडनं विरोधी वरडत्यात, मधी घंटा वाजवून वाजवून अध्यक्षांचं मनगट सुजलेलं. बाजारात म्हशी विकताना बी एवढा कालवा नसतोय!

दौलूआप्पा गुरव म्हंजे आमच्या खोलवाडीचा आमदार. आमदार झाला, पर एसटी स्टँडसमोरचा फोटू स्टुडिओ काय बंद केला न्हाई. शनवार-रविवार अजून पासपोर्टचं फोटू काढतोय. आमच्या पुलाचं भूमिपूजन तीनदा झालं. तिन्ही येळचं फोटू ह्याच्याच भिंतीवर टांगल्यात. पूल तेवढा कुठं न्हाई! गेल्या साली ओढ्याला पाणी आलं, तवा ह्याच्या पोटुशी सुनंला गूळ शिजवायच्या काहिलीत बसवून पल्याड न्यावं लागलं. बया काहिलीतच बाळंत झाली! नातवाला गाव आजून ‘काकवी’ म्हनतंय. आन् तवापास्नं आमच्या गावात कुनी पोरगी दीना. “आमची लेक काहिलीत बाळंत व्हायला न्हाई,” म्हनत्यात. दौलूच्या धाकट्या पोराचंच लगीन तीनदा मोडलंय!

मग दौलू सरळ मुख्यमंत्र्याच्या दालनात घुसला. मुख्यमंत्री हिंदुरावबापू मोठा हट्टी गडी.

“आप्पा, त्या सभागृहात मला माझंच बोलणं ऐकू येत न्हाई, तुमचा पूल कुठनं ऐकू?” बापू म्हनला. “असं करा. दोन्ही बाजूचं झाडून सगळं आमदार पाच मिनिटं गप करून दावा. घंटा न्हाई, शिपाई न्हाई, दमदाटी न्हाई. उद्या सांजच्या आत जमलं, तर पूल तुमचा. न्हाई जमलं, तर पाच वरसं पुलाचं नाव काढायचं न्हाई!”

“सगळं म्हंजे? तुमी बी आलाच की त्यात?”

“मी बी! जावा आता!”

बापूचा पीए फिदीफिदी हसला. दौलूनं आपल्या हातातलं घड्याळ काढून त्याच्याच हातात दिलं. “हसू नगा. उद्या टाइम तुमीच बगा.”

भाईर आल्यावर पैला आमदार गाठला, त्याच्या कानात बोलला, “उद्या नऊला विधानभवनाच्या पायऱ्यांवर फोटू हाय. कुनाला सांगू नगा, म्होरल्या रांगंत जागा कमी हाय.” मग दुसरा गाठला. त्येला बी त्येच, कानातच! विरोधी पक्षाच्या गिरजाताईंना म्हनला, “ताई, मधली खुर्ची तुमची.” बापूला चिठ्ठी धाडली, “मधली खुर्ची तुमची.”

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच पायऱ्या गच्च! इस्त्रीची कापडं, केसाला तेल, एकानं तर फेटा बांधून आनलेला. रोज त्याच पायऱ्यांवर घोषणा देनाऱ्यांनी फलक कुठं टाकलं देव जानं. समोर दौलूच्या आज्याचा लाकडी खोका, तीन पायावर हुबा, वर काळं फडकं.

“मधली खुर्ची माझी हाय!” गिरजाताई कडाडल्या.

“तुमची कशी? मी मुख्यमंत्री हाय!”

“व्हय की, म्हनून मधी दोन ठेवल्यात,” दौलू म्हनला. “बसा गुमान!”

मग फडक्यात डोकं घालून वरडला, “आयका! कॅमेरा जुना हाय, लई सावकाश ओढतोय. पाच मिनिटं हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई! जो बोलंल त्याचं तोंड फोटुत पुसलं जाईल, आन् मतदारसंघात लोक इचारतील, ह्यो कोन बाबा?”

संपलं! अशी शांतता की झाडावरचा कावळा बी घाबरून उडाला. गिरजाताईंच्या नाकावर माशी बसली, ताई हलल्या न्हाईत. एका मंत्र्याला शिंक आली, त्यानं ती गिळली, डोळं लालभडक! बापूच्या खिशात फोन वाजला, वाजला, वाजून मेला. बापू आपला दात दावून हसतोय त्यो हसतोयच.

“झाली पाच मिनिटं!” पीएच वरडला. लगीच जीब चावली त्यानं.

दौलू फडक्यातनं भाईर आला. “बापू, पूल!”

बापूनं पीएच्या हातातलं घड्याळ हिसकून बगितलं. मग गुरगुरला, “बरं बरं. आदी फोटू दाव!”

“फोटू कसला? आतल्या काचा आज्यासंगं गेल्या. रिकामा खोका हाय त्यो!”

“फसवलंस व्हय रं? पाच मिनिटं मी रिकाम्या खोक्याकडं बगून हसत बसलो?”

“मग काय झालं?” दौलू बी तापला. “तीनदा आलासा, तीनदा नारळ फोडला, तीनदा माझ्याकडनं फोटू काढून घेतला! आमी पंधरा वरसं रिकाम्या ओढ्याकडं बगून हसतोय! तुमी पाच मिनिटं हसला तर दात झिजलं काय?”

पुन्यांदा सगळं गप! ह्या येळी फोटूबिगार!

आन् मग बापू असा खदाखदा हसला की खुर्चीसकट मागं कलंडला, गिरजाताईंनीच धरला म्हनून वाचला. “आन रं कागद!” म्हनला. पीएच्या पाठीवर ठेवून तिथंच सही ठोकली. वर दौलूला हुकूम सोडला, “आज्याच्या खोक्यात नवी काच घाल, माझ्या पैशानं. उद्घाटनाचा फोटू त्यातनंच काढायचा!”

पूल झाला. काहिलीत आता गूळच शिजतोय. धाकट्याची वरात पैली त्याच पुलावरनं गेली. उद्घाटनाचा फोटू स्टुडिओत टांगलाय, बगून या. पूल झक्क आलाय, काकवी दौलूच्या टोपीसकट झक्क आलाय. मधल्या मानसाला तेवढं तोंडच न्हाई.

बापू भाषन करत हुता!